ब्रेक मोठे केले, आता रिम कुठली घ्यायची?

प्रश्न : नमस्कार दादा. माझी २०१४ची पोलो जीटी टीएसआय आहे, अधूनमधून कोइम्बतूरच्या करी मोटर स्पीडवेला ट्रॅक डेसाठी नेतो. चार-पाच लॅप झाल्या की पेडल मऊ पडायचं म्हणून पुढे ३१२ एमएमची डिस्क आणि चार पिस्टनच्या कॅलिपरचं किट मागवलं. आता कळतंय की कंपनीची १५ इंची रिम त्यावर बसणारच नाही. दुकानदार म्हणतो डायरेक्ट १७ टाका, टेन्शनच नको. मित्र म्हणतो १६ घे आणि स्पेसर लाव. ऑफसेट किती, टायर कुठला, काहीच कळेना. खर्च एकदाच करायचाय. (एक वाचक, घोडबंदर रोड, ठाणे)

उत्तर : आधी १७चं बोलू, कारण दुकानात तेच गळ्यात मारतात. १७मध्ये कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) बहुतेक आरामात बसेल हे खरं, पण मग पोलोला २०५/४० आर१७ टायर लावावा लागतो, म्हणजे रुंदी २०५ एमएम आणि साइडवॉल तिच्या ४० टक्के, फक्त ८२ एमएम. तुमच्या आत्ताच्या १८५/६० आर१५ची १११ आहे. गाडी ट्रॅकपर्यंत रस्त्यानेच जाणार ना, आणि पावसाळ्यात गायमुखच्या चढावर काय अवस्था असते ते तुम्हाला मी सांगायला नको, एका खड्ड्यात रिमची कड वाकते. आणि ठोकून सरळ केलेली रिम ट्रॅकवर अजिबात नेऊ नका, तिथे ताण कुठे पडेल आणि चीर कुठून जाईल ते बाहेरून दिसत नाही. शिवाय रिम मोठी म्हणजे वजन आणि तेही बाहेरच्या कडेला, आणि करी जेमतेम २.१ किलोमीटरचा वळणावळणांचा ट्रॅक, सारखं ब्रेक मारा आणि पुन्हा वेग घ्या, तिथे हे वजन प्रत्येक वळणानंतर जाणवतं. त्यामुळे माझं मत १६, तेही ७जे म्हणजे सात इंच रुंदीची, यात मला काही शंका नाही.

पण नुसतं १६ म्हणून भागत नाही. एकाच मापाच्या, एकाच ऑफसेटच्या (रिमच्या रुंदीचा मध्य आणि हबला टेकणारा भाग यांच्यातलं अंतर) दोन रिम घ्या, एक तुमच्या कॅलिपरवर मस्त बसेल आणि दुसरी घासेल, कारण अडचण दोन ठिकाणी येते. एक म्हणजे रिमच्या आतला नळा, तो टायर बसवण्यासाठी मध्ये खोलगट केलेला असतो आणि प्रत्येक डिझाइनमध्ये ही खोली आणि तिची जागा वेगळी असते. दुसरं म्हणजे स्पोकची पाठ. चार पिस्टनच्या फिक्स्ड कॅलिपरला बाहेरच्या बाजूलाही पिस्टन असतात, त्यामुळे तो कंपनीच्या सरकत्या कॅलिपरपेक्षा बाहेर जास्त येतो आणि स्पोक हबपासून सपाट निघत असतील तर थेट त्यालाच लागतात. म्हणून रिम बघायला जाल तेव्हा समोरून कमी आणि पाठीमागून जास्त बघा, हबपासून निघताना जो स्पोक आधी बाहेर वळतो आणि मग कडेला जातो तो आपल्या कामाचा.

किट बनवणारे बहुतेक जण कॅलिपरचा एकास एक मापाचा कागदी साचा देतात, तो मागून घ्या. प्रिंट काढल्यावर त्यावरची मोजपट्टी खऱ्या पट्टीने तपासा, कारण प्रिंटर गुपचूप ९६ टक्क्यांवर छापतो आणि सगळं गणित तिथेच बिघडतं. मग तो जाड पुठ्ठ्यावर चिकटवून कापा, रिम उताणी टाका, साच्यावरची हबची रेष रिमच्या बसकेवर म्हणजे बोल्टच्या भोकांभोवतीच्या सपाट भागावर टेकवा, सेंटर जुळवा आणि पूर्ण एक चक्कर फिरवा. स्पोकपासून निदान ३ एमएम आणि नळ्यापासून ४-५ एमएम मोकळं हवं. दुकानदार साचा फिरवू देत नसेल तर सरळ दुसरं दुकान बघा, हे पाच मिनिटांचं काम आहे आणि त्यावर तुमचे सगळे पैसे अवलंबून आहेत.

किट गाडीवर चढल्यावर पुन्हा एकदा खात्री करायची. मुलांची मातीची क्ले मिळते ना, तिच्या गोळ्या कॅलिपरवर तीन-चार ठिकाणी चिकटवा, चाक सगळ्या बोल्टनी आवळा, हाताने हळूहळू फिरवा आणि काढून दाबल्या गेलेल्या क्लेची जाडी वर्नियरने मोजा. आणि एक गोष्ट जी फार लोक विसरतात, बॅलन्सिंगची चिकटवायची वजनं. ती नळ्याच्या आत लागतात, स्वतःच तीन-चार एमएम जाड असतात, आणि नेमकी कॅलिपरच्या वर आली तर पहिल्याच चकरेत सोलून निघतात. बॅलन्सिंगवाल्याला आधीच सांगा की वजनं कॅलिपरच्या रेषेत नकोत, आत सरकवून लाव.

आता ऑफसेट. तुमच्या रिमच्या पाठीवर आकडे कोरलेले असतात, समजा ६जे ईटी३८ आहे, म्हणजे सहा इंच रुंद आणि ऑफसेट ३८ एमएम. रुंदीचा अर्धा ७६ एमएम, म्हणजे हबच्या बसकेपासून बाहेर ३८ आणि आत ११४. आता नवी ७जे ईटी३५ धरा, अर्धा ८९, बाहेर ५४ आणि आत १२४. म्हणजे चाक बाहेर साधारण १६ एमएम गेलं आणि आत १०. आतले १० स्ट्रट (पुढच्या सस्पेन्शनचा उभा दांडा) आणि स्प्रिंगच्या बशीच्या दिशेने, ते गाडी जमिनीवर असताना आणि स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून बघायचं. बाहेरचे १६ फेंडरच्या कडेला, त्यासाठी मागे तीन माणसं बसवून स्पीडब्रेकरवरून न्या आणि फेंडरच्या आतल्या प्लास्टिकवर, म्हणजे लायनरवर, घासल्याची खूण शोधा. तुम्हाला ईटी३५ ते ३८च्या मध्येच राहायला सांगीन. अगदी २०-२५ला गेलात तर चाक छान बाहेर दिसतं पण ब्रेकच्या वेळी स्टिअरिंग ओढायला लागतं, कारण चाकाचा मध्य स्टिअरिंगच्या धुरीपासून लांब जातो, आणि जोरात ब्रेक मारताना स्टिअरिंग स्थिर हवं म्हणून तर आपण हा सगळा खटाटोप करतोय.

मित्राच्या स्पेसरबद्दल, म्हणजे हब आणि रिमच्या मध्ये घालायच्या चकतीबद्दल. स्पेसर वाईट नाही, पण रिम चुकीची घेऊन ती स्पेसरने बसवणं चुकीचं. आणि स्पेसर नळ्याची अडचण सोडवतच नाही, तो चाक फक्त बाहेर ढकलतो. ३ किंवा ५ एमएमचा पातळ स्पेसर हबच्या ओठाची जागा खातो, मग चाकाचं वजन हबवर न बसता बोल्टवर लटकतं. लावायचाच असेल तर हबसेंट्रिक म्हणजे हबच्या ओठावर बरोबर मध्यावर बसणारा, चांगल्या अ‍ॅल्युमिनियमचा, लेथवर नीट फेस केलेला, आणि बोल्टही तेवढ्याच एमएमने लांब. पोलोचा बोल्ट एम१४ गुणिले १.५ आहे, तो हबमध्ये निदान नऊ पूर्ण आटे जायला हवा, मोजून बघा. कंपनीच्या बोल्टचं बूड गोल असतं आणि बाजारातल्या बऱ्याच रिमना ६० अंशांचं निमुळतं लागतं. चुकीचं बूड लावलं तर बोल्ट आवळल्यासारखा वाटतो पण फक्त एका बारीक रेषेवर टेकलेला असतो आणि काही लॅपमध्ये सैल होतो. ही गोष्ट मी कितीही वेळा लिहायला तयार आहे, चाक निखळण्याइतकं भयंकर ट्रॅकवर दुसरं काही नाही. बोल्ट १२० न्यूटनमीटरला आवळा, टॉर्क पान्यानेच, हवेच्या गनने नाही, आणि पन्नासेक किलोमीटरनंतर चाक थंड असताना पुन्हा. रिम ५ गुणिले १०० पीसीडीची, म्हणजे १०० एमएम व्यासाच्या वर्तुळावर पाच बोल्ट, आणि सेंटर बोअर म्हणजे मधलं भोक ५७.१ एमएम. भोक मोठं असेल तर हब रिंग अ‍ॅल्युमिनियमची घ्या, ट्रॅकवरच्या ब्रेकच्या उष्णतेने प्लास्टिकची मऊ पडते.

टायर खरं तर सगळ्यात आधी ठरवायचा, रिम नंतर. कारण गाडी शेवटी टायर थांबवतो. अकराशे किलोची गाडी १५०वरून ६०वर आणली की साधारण ८०० किलोज्यूल उष्णता ब्रेकना गिळावी लागते, मोठी डिस्क ती पुन्हा पुन्हा गिळू शकते, पण एकदाच जोरात ब्रेक मारायचा तर स्टॉक ब्रेकही चाक लॉकपर्यंत नेतोच. पकड नसेल तर ३१२ची डिस्क एबीएसलाच कामाला लावणार. १६मध्ये तुमच्या १८५/६० आर१५च्या सगळ्यात जवळ १९५/५० आर१६ येतो, आधीचा व्यास ६०३ एमएम, याचा ६०१. २०५/४५ आर१६ ५९१ भरतो, दोन टक्के कमी, गिअरिंग जरा चटपटीत होतं आणि करीला ते आवडतं. १९५/५५ आर१६ सहज मिळतो, नंतरच्या काही पोलोंना कंपनीनेच दिला होता, पण तो ६२१ म्हणजे तीन टक्के उंच. २०५/५५ तर विचारूच नका, ६३२. जून २०२०पासून नव्या टायरची आयात रिस्ट्रिक्टेड झाली, म्हणजे परवान्याशिवाय आणता येत नाही, त्यामुळे परदेशी व्हिडिओत दिसणारा टायर इथे मिळेलच असं नाही. आधी ठाण्या-वाशीत दोन-तीन टायरवाल्यांना विचारा, कुठल्या मापात चांगला चिकट टायर हातात मिळतोय आणि त्याची उत्पादन तारीख काय, ती साइडवॉलवर आठवडा आणि वर्ष अशी चार आकड्यांत असते. लोड इंडेक्स ८४च्या खाली नको, म्हणजे एका टायरला ५०० किलो.

आणि स्टेपनी! डिकीतली १५ची स्टेपनी आता पुढे बसणार नाही. कोइम्बतूर इथून बारा-तेराशे किलोमीटर, रात्री साताऱ्याच्या पुढे पुढचं चाक पंक्चर झालं तर मागचं अलॉय काढून पुढे लावायचं आणि स्टेपनी मागे. घरी एकदा करून बघा, जॅक कुठे लावायचा ते कळून राहील. तसंच रोजच्या वापरासाठी जुनी १५ची अलॉय राहतील असं धरून चालला असाल तर तीही आता पुढे बसणार नाहीत, म्हणजे रस्त्याचा सेटही १६चा लागेल. हा खर्च किटच्या किमतीत कुणी सांगत नाही, आत्ताच मोजा.

आणि पेडल मऊ पडतं म्हणताय ते बऱ्याचदा फ्लुइड उकळल्याने होतं. डॉट ४ दर्जाच्या ब्रेक फ्लुइडचा उकळबिंदू ताजं असताना किमान २३० अंश, ओल शोषल्यावर १५५पर्यंत धरला जातो, आणि आपली हवा किती दमट असते बघा. नवं किट बसवताना फ्लुइड पूर्ण बदलाच.

प्रश्न : माझी स्विफ्ट आहे, टायर १८५/६५ आर१५. ट्रॅकवर पहिल्यांदाच जाणार आहे. मोठे ब्रेक आणि १९५/५५ घेऊ का? (एक वाचक, नेरुळ)

उत्तर : ब्रेक आत्ता नको. चांगले पॅड, ताजं फ्लुइड, आणि गाडी नीट ओळखा. टायर १९५/६० आर१५ घ्या, व्यास ६१५, तुमचा ६२१, फरक फक्त एक टक्का. १९५/५५ला चार टक्के उतरतो, स्पीडोमीटर तेवढा जास्त दाखवतो आणि गाडीचं पोटही खाली येतं, नेरुळच्या सोसायट्यांचे स्पीडब्रेकर बघता ते नकोच. पुढे कधी रिम घेतलीत तर ४ गुणिले १००, बोअर ५४.१, आणि नट एम१२ गुणिले १.२५. होंडाचे १.५चे असतात, ते चुकून चढवले तर आटे जातात. ट्रॅकवर हवा गरम असताना मोजा, सेशन संपल्या संपल्या. सकाळी थंड भरलेली हवा चार-सहा पीएसआयने वाढलेली दिसेल, ती थोडी उतरवायची. आणि परत निघताना पुन्हा भरायला विसरू नका.

प्रश्न : रुंद अलॉय लावले तर आरटीओचा त्रास होईल का? गाडी एमएच ०४. (एक वाचक, कळवा)

उत्तर : मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२प्रमाणे गाडीच्या मूळ स्पेसिफिकेशनमध्ये बदल करता येत नाही. टायर फेंडरच्या बाहेर आला की नजरेत येतोच आणि चिखल मागच्या दुचाकीवाल्याच्या तोंडावर उडतो, म्हणून टायर आतच ठेवा. इन्शुरन्सवाल्यांना बदल लेखी कळवा, क्लेमच्या वेळी हाच कागद लागतो.

प्रश्न : होंडा सिटीला नवी अलॉय लावली. ९०-१००ला स्टिअरिंग थरथरतं, दोनदा बॅलन्सिंग केलं, फरक नाही. दुकानदार म्हणतो ब्रेक डिस्क खराब. (एक वाचक, ऐरोली)

उत्तर : ब्रेक न मारता थरथरतं की मारल्यावर, एवढं आधी बघा. मारल्यावरच होत असेल तर डिस्क आणि पॅडकडे वळा. एकसारख्या वेगात, पाय ब्रेकवर नसताना होत असेल तर डिस्कचा दोष धरू नका, चाक मध्यावर बसलेलं नाही. बाजारातल्या बऱ्याच अलॉयचं सेंटर बोअर ७३.१ असतं आणि सिटीचा हब ५६.१, मध्ये रिंग नसेल तर चाक नटांवर अंदाजाने बसतं, आणि बॅलन्सिंग मशीनवर ते कोनने बरोबर मध्यावर धरलं जातं म्हणून तिथे सगळं ठीक दिसतं. होंडाच्या मूळ नटांचं बूड गोल असतं, तेच नट अलॉयवर वापरलेत का तेही बघा. आधी बाहेरून ७३.१ आणि आतून ५६.१ची हब रिंग आणि रिमला जुळणारे नट घ्या, चाक जॅकवर असतानाच नट आडवे-तिरपे थोडे थोडे आवळा, मग जमिनीवर टेकवून टॉर्क पाना. तोवर डिस्क बदलायला एक रुपयाही देऊ नका.