जेजे स्कूल ऑफ आर्टमधून फोटोग्राफर होऊन बाहेर पडलास, आता पुढे?
सुरुवातीला लग्नांचे, प्रॉडक्टचे फोटो काढून घरभाडं भर, त्यात कमीपणा काही नाही. पण स्वतःची, एकाच विषयावरच्या फोटोंची एकच मालिका धरून ठेव. सुटे सुंदर फोटो गॅलरीवाल्यांना नको असतात. प्रदर्शनासाठी जहांगीर आर्ट गॅलरीला अर्ज आत्ताच टाक, तिथे नंबर लागायला वर्षं जातात.

प्रिंट कॉटन रॅग (कापसाच्या तंतूंच्या) कागदावर, पिगमेंट (रंगकणांच्या, टिकाऊ) शाईतच काढ. एका फोटोच्या किती प्रती विकायच्या, ते आधी ठरव. पाच म्हणजे पाचच! मागे पेन्सिलने १/५ (पाचातली पहिली), सही, साल. सहावी काढलीस की आधीच्या ग्राहकांचा विश्वास गेला. पावसाळ्यात प्रिंट भिंतीला टेकवून ठेवू नकोस, मुंबईच्या दमटपणात बुरशी धरतेच. सिलिका जेल टाकून हवाबंद डब्यात आडव्या ठेव. आणि फ्रेमिंगचा खर्च भावात धर, नवखे नेमका तोच विसरतात.