'जगायला जाणे' चूक नाही, आणि त्याचा 'जगत्'शी काही संबंध नाही

प्रश्न असा होता की पालघर जिल्ह्यातल्या जव्हार-मोखाड्याकडची आदिवासी माणसं 'आम्ही जगायला जातो' म्हणतात, ते लेखात तसंच ठेवावं की 'उदरनिर्वाहासाठी स्थलांतर करतात' असं करावं? आणि शहरातच राहून गेलेल्या पुढच्या पिढीला हा शब्द चालेल का?

तसंच ठेवा. यात दुरुस्त करण्यासारखं काय आहे तेच मला कळत नाही. एखादा शब्द दुरुस्त करायचाच असेल तर 'विस्थापित' हा करा, तो हल्ली कुणालाही चिकटवतात. धरणात गाव गेलं तो विस्थापित, हे ठीक. पण भिवंडीच्या वीटभट्टीवर गेलेला कातकरीही विस्थापित, नाक्यावर कामाला उभा राहणारा कोकणा आदिवासीही विस्थापित, आणि वर मुंबईच्या आरेतल्या पाड्यावरच्या वारली आदिवासीला 'मुंबईत आलेला आदिवासी' म्हणायचं. अहो तो तिथलाच आहे, मुंबई नंतर आली त्याच्या दारात.

आता जगणे. 'जिवंत असणे' हा अर्थ सगळ्यांना माहीत आहे, तो सोडून देऊ. मजा अशी की जिवंत असण्यासाठी मराठीत जीव् धातूवरून आलेलं 'जिणं' आधीच होतं, मग 'जगणं' कशाला लागलं? वापर बघा ना. रोप जगलं, लेकरू जगलं नाही, दुष्काळात गुरं जगवली. प्रत्येक ठिकाणी मरण जवळून गेलेलं आहे. जिणं म्हणजे कसं राहिलात ते, जगणं म्हणजे टिकलात की नाही ते. आणि माझ्या मते हा शब्द आलाय संस्कृत जागृ, प्राकृत जग्ग या वाटेने, म्हणजे जागणे आणि जगणे सख्खे भाऊ. पाली भाषेत 'जग्गति' आहे, त्याचा अर्थ नुसता जागा राहणे नाही, तर राखण करणे, सांभाळणे, पोसणे, वाढवणे! आपलं 'जगवणे' जसंच्या तसं तिथे बसलेलं आहे. ज्याच्यासाठी कुणीतरी जागं राहिलं तो जगला. उजाडायच्या कितीतरी आधी उठून विटा पाडायला बसणारं जोडपं 'जगायला आलोय' म्हणतं तेव्हा त्या एका क्रियापदात जागणंही असतं आणि पोरं पोसणंही असतं, मला तरी ते दोन अर्थ वेगळे काढता येत नाहीत.

काही विद्वान मंडळी मात्र जगणे 'जगत्'वरून काढतात. जगत् 'गम्' म्हणजे जाणे या धातूवरून, म्हणजे चालणारं, हलणारं, म्हणून जगणे म्हणजे चालत राहणे, आणि म्हणून आदिवासी 'मुळातच फिरते', त्यांना स्थलांतर काही नवीन नाही! ही व्युत्पत्ती नाही, ही सोय आहे. वारली, कोकणा हे भात-नागली करणारे शेतकरी, ते फिरते कधी झाले? जमिनी सावकार-जमीनदारांकडे गेल्या, लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी माणसं 'लग्नगडी' म्हणून राबली, 1945 चा वारल्यांचा उठाव या वेठीविरुद्धच होता, आणि हे सगळं एका 'गम्' धातूखाली झाकून टाकायचं? जगणेमध्ये ऱ्हस्व ज कसा, जागणेसारखा दीर्घ का नाही, हा त्यांचा आक्षेप मला माहीत आहे. लग् धातूच्या घरात लागणेही आहे आणि लगत, लगेचही आहे, तिथे कुणाची तक्रार नसते.

शहराचं म्हणाल तर 'जगायला जाणे' यात परत येणं धरलेलं असतं. उचल म्हणजे आगाऊ पैसे घ्यायचे, वाघबारस-दिवाळी करून निघायचं, भट्टीवर आठवड्याला खर्ची, म्हणजे खर्चापुरते पैसे, मिळते त्यावर काढायचं, शिमग्याला घरी यायचं, पावसाच्या आत हिशोब करून शेतावर हजर. देव, नाचाला वाजवायचा तारपा, लग्नात भिंतीवर काढायचा चौक सगळं गावात, शहरात फक्त टिकायचं. ज्यांनी वसई-विरारकडे भाड्याची खोली केली त्यांचं हे चक्र तुटतं, कारण तिथल्या भिंतीला गेरू-शेण लावून चौक लिहिता येत नाही, लिहायला सवासिनी आणि गाणी म्हणत लग्न लावणारी धवलेरी गावाकडून आणावी लागते, म्हणून मग लग्नच गावाला जाऊन करतात आणि तिथेही तारप्याच्या शेजारी डीजे येतो. पोरं शाळेत वारली बोलायला लाजतात. आणि ती मोठी झाली की 'जगायला' म्हणत नाहीत, 'कामाला जातो', 'कंपनीत आहे' म्हणतात. तेव्हा त्यांना तुम्ही बाहेरून हा शब्द लावू नका, त्यांच्या आईबापांचा तो आहे.

आणि हो, हा प्रयोग फक्त आदिवासींचा असंही लिहू नका, 1972 च्या दुष्काळात देशावरची माणसंसुद्धा जगायलाच बाहेर पडली होती.