क्रम मोडू नकोस

अनेक आशीर्वाद.

तुझा निरोप दोनदा वाचला. आजोबांच्या अल्बममधले ‘चांगले’ फोटो काढून लॅमिनेट करायचे आणि बाकीचे टाकून द्यायचे, असं तुझ्या मनात आहे. लॅमिनेशनचं नावही काढू नकोस. आणि मुख्य म्हणजे, क्रम मोडू नकोस.

‘रिकाम्या आभाळाचा फोटो कशाला चिकटवलाय?’ असं विचारतोस. तू पाठवलेली पानं नीट बघ. फोटो चौकोनी, जेमतेम सहा सेंटिमीटरचे. म्हणजे १२० नंबरच्या फिल्मवरचे कॉन्टॅक्ट प्रिंट, निगेटिव्हच्याच मापाचे. आग्फा क्लिकसारख्या कॅमेऱ्यात एका रोलवर असे १२च फोटो निघत. अशा हिशेबात कुणी उगाच आभाळ टिपत नाही.

आता ओळीनं बघ. आधी आजोबांच्या मॉडेल विमानाचा, बाल्साच्या हलक्या लाकडी फासळ्यांचा नुसता सांगाडा. मग त्यावर पातळ टिश्यू कागद चढवलेला, डोप नावाच्या लॅकरनं ताणून बसलेला. नंतर मैदानातला फोटो. त्यात शेपटीपाशी भिंग धर, बारीक दोरी दिसेल. ती वात, सोऱ्याच्या पाण्यात भिजवून वाळवलेली. ती पेटवून विमान सोडायचं. जळत जळत ती रबरबँडपर्यंत पोचली की रबर तुटतं, शेपटीचा आडवा पंख ताडकन वर उचलला जातो आणि विमान हळूहळू खाली उतरतं. वात मध्येच विझली आणि विमान वर चढणाऱ्या गरम हवेत सापडलं, तर ते दिसेनासं होईपर्यंत चढत राहतं. त्यानंतरचा फोटो आभाळाचा. आणि पुढे एकाही पानावर ते विमान नाही. कळलं?

पुढचं पान तर मला फारच आवडलं. विमान वेगळं, डाव्या पंखाच्या टोकातून दोन तारा निघालेल्या, त्यांचं हँडल एका मुलाच्या मुठीत. कंट्रोल लाइन, म्हणजे तारांनी धरून आपल्याभोवती गोल उडवायचं विमान! एक विमान गेल्यावर आजोबा तारांकडे वळले, असं मला वाटतं. हे त्यांनी कुठेही लिहिलेलं नाही. फक्त क्रम सांगतो. तू तोच मोडायला निघालास.

माझ्या वडिलांचाही असाच अल्बम होता, तो आम्हा भावंडांत वाटला गेला. ‘प्रत्येकाकडे आठवण राहील.’ मी नको नको म्हणत होतो, थोरल्यांपुढे चाललं नाही. आज माझ्याकडे विमान हातात धरलेले वडील आहेत. ते विमान उडालं की नाही, हे कुणाच्या कपाटात आहे देव जाणे. तेव्हापासून मी हट्टी झालो. पुतण्याच्या लग्नाच्या व्हिडिओसाठी दोन फोटो मागायला आले, तर सुटे दिले नाहीत. माझ्यासमोर बसा, पानावरूनच टिपून न्या म्हटलं. रागावले. रागावू देत. परत मागितले तरी हेच सांगेन.

तर पहिल्या पुठ्ठ्यापासून शेवटच्या पुठ्ठ्यापर्यंत प्रत्येक पानाचा अख्खा फोटो घे, कोरी पानंसुद्धा. मग एकेक फोटो पानावरच ठेवून ६०० डीपीआयला स्कॅन कर. एखादा कोपऱ्यातून निसटला असेल, तर मागे मऊ पेन्सिलीनं हलकेच पान नंबर टाक, बॉलपेन नको. बाहेरच्या भिंतीतल्या कपाटात अल्बम ठेवू नकोस. पावसाळ्यात ओल धरते, मग बुरशी. रंग भरून देणारं अ‍ॅप वापरायचंच असेल तर कॉपीवर वापर, मला दाखवू नकोस.

आणि हे सगळं नंतर. हँडल धरलेला मुलगा कोण ते आजी ओळखते, असं तूच लिहिलंयस. मग थांबलास कशाला? उद्याच अल्बम तिच्या मांडीवर दे, अख्खा, आणि पहिल्या पानापासून उलटू दे. ती जी नावं घेईल ती वेगळ्या वहीत पानाच्या नंबरासकट लिही. तिला मध्ये टोकू नकोस.

तुझा,
काका