घाटातली लांब सायकलस्वारी: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

डिसेंबर-जानेवारीत गटाने लांब पल्ल्यावर निघायचा बेत आखणाऱ्यांची पत्रं यंदा बरीच आली. बहुतेकांचा रोख घाटांवर आहे, म्हणून हा महिना घाटांसाठीच.

आम्ही चौदा जण पहिल्या दिवशी पुण्याहून वाईमार्गे महाबळेश्वर आणि दुसऱ्या दिवशी आंबेनळी घाटाने पोलादपूर असे जाणार आहोत. सपाट रस्त्यावर सगळे एकत्र राहतात, पण चढ लागला की गट फुटतो. पुढचे वाट बघून कंटाळतात, मागचे ओढाताण करून दमतात. गट एकत्र कसा ठेवायचा?
– एक वाचक, पुणे

चढावर तो एकत्र ठेवायचा प्रयत्नच करू नका. सपाटीवर ताशी 25 च्या वेगाला बरीचशी ताकद वारा कापण्यात जाते, त्यामुळे दुसऱ्याच्या मागे राहिलं की खरोखर वाचते. ताशी आठ-नऊच्या वेगाने चढताना वाऱ्याचा प्रश्नच उरत नाही, लढाई वजनाशी असते. तिथे मागे चिकटून काही मिळत नाही. उलट मागचा माणूस आपल्या कुवतीपेक्षा थोडं जास्त जोर लावत राहतो आणि पंधरा-वीस मिनिटांत त्याचे पाय संपतात.

म्हणून गट फुटू द्या, पण कुठे जुळायचं ते निघण्याआधी ठरवा. तुमच्या वाटेवर कात्रज उतरल्यावर, खंबाटकीच्या माथ्यावर, सुरूर फाट्यावर, वाईत आणि पाचगणीत असे थांबे सोयीचे पडतील. सुरूर फाटा तर चुकवूच नका. हमरस्ता सोडून वाईकडे वळायचं ते तिथेच, आणि एकटा पडलेला माणूस सरळ साताऱ्याकडे निघून जातो. नियम एकच ठेवा: मागचा माणूस दिसल्याशिवाय वळणाची जागा सोडायची नाही.

वाई ते पाचगणी हा पसरणी घाट साधारण बारा किलोमीटरचा, चढ सरासरी पाच टक्क्यांच्या आसपास. ताशी बाराने जाणारा तासाभरात वर पोचेल, आठने जाणाऱ्याला दीड तास लागेल. म्हणजे अर्ध्या तासाचं अंतर पडणारच, त्यात कुणाची चूक नाही. पुढच्यांनी विंडचीटर जवळ ठेवावा. घामाने भिजलेल्या जर्सीत पाचगणीच्या वाऱ्यात अर्धा तास थांबलं की पाय आखडतात आणि महाबळेश्वरपर्यंतचे पुढचे अठरा-एकोणीस किलोमीटर नको होतात.

चौदांचे सातसातचे दोन गट करा, दहा मिनिटांच्या अंतराने सोडा. लांब रांग असली की मागच्या गाडीला ओलांडता येत नाही आणि चालक मधेच घुसतो. प्रत्येक गटाच्या शेवटी सर्वांत हळू माणूस नको, दमदार आणि पंक्चर काढता येणारा माणूस हवा. पंप त्याच्याकडे. सपाटीवर पुढच्याच्या मागच्या चाकाला आपलं पुढचं चाक बाजूने कधीही समांतर येऊ देऊ नका. तो खड्डा चुकवायला जरा सरकला की पडता तुम्ही, तो नाही. ‘खड्डा’, ‘गाडी’, ‘थांबतोय’ एवढे तीन शब्द मोठ्याने, आणि प्रत्येकाने ते मागे पोचवायचे.

साताऱ्याच्या या पट्ट्यात डिसेंबरात ऊस गाळप चालू असतं. ट्रॉल्यांना मागे दिवे असतीलच असं नाही, आणि मोळीबाहेर आलेला ऊस हँडलच्या उंचीवर येतो. अंधारात किंवा धुक्यात ट्रॉलीच्या अगदी मागे राहू नका, आणि पुढचा रस्ता मोकळा दिसल्याशिवाय ओलांडू नका.

माझ्या रोड बाईकला पुढे 50-34 दातांची चक्रं आणि मागे 11-28 दातांची कॅसेट (मागच्या दातेरी चकत्यांचा संच) आहे. चढावर बराच वेळ उभं राहून पॅडल मारावं लागतं आणि नंतर गुडघ्याची पुढची बाजू दुखते. 11-34 ची कॅसेट टाकली की काम होईल का?
– एक वाचक, नाशिक

होईल, पण नुसती कॅसेट बदलून नाही. आधी हिशोब बघा. पुढच्या 34 ला मागचं 28 लावून पॅडलच्या मिनिटाला 70 फेऱ्या मारल्या तर वेग येतो ताशी पावणेअकरा. सहा टक्के चढावर, सायकलीसकट 85 किलो वजनाला, त्यासाठी 170 वॉटच्या आसपास लागतात. दीड तास एवढा जोर लावणं बहुतेक हौशी सायकलस्वारांना झेपत नाही. मग फेऱ्या पन्नासवर येतात, प्रत्येक फेरीतला दाब वाढतो आणि तो गुडघ्यावर येतो. 34 ला 34 लावलं तर त्याच 70 फेऱ्यांना वेग पावणेनऊ आणि ताकद 140 पेक्षा कमी. फरक इथे आहे.

आता अडचणी. मागचा डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) आखूड पिंजऱ्याचा, म्हणजे खालची दांडी आखूड, असेल तर तो बहुधा 28 किंवा 30 दातांपर्यंतच चालतो, 34 साठी मध्यम किंवा लांब पिंजरा लागतो. चेनही लांब लागेल. जुनीच ठेवली आणि चुकून पुढे मोठं, मागे मोठं असा गिअर पडला, तर चेन ताणून डिरेलर किंवा तो अडकवायचा हँगर मोडतो. दुकानातून निघण्यापूर्वी सायकल स्टँडवर घेऊन हाच गिअर हाताने, हळूहळू लावून बघा. डिरेलरचं वरचं गाईड चाक 34 च्या दातांना घासत असेल तर बी-स्क्रू (डिरेलर कॅसेटपासून दूर सारणारा) आत घ्यायला सांगा. नव्या कॅसेटवर झिजलेली चेन घालू नका, नवे दात लवकर झिजतात.

गुडघ्याची पुढची बाजू दुखते त्याचं दुसरं कारण सीट खाली असणं. पॅडल सर्वांत खाली असताना टाच त्यावर ठेवा, पाय सरळ व्हायला हवा. होत नसेल तर सीट एका वेळी तीन-चार मिलिमीटरच वर घ्या आणि दोन-तीन राईड मारून मग पुढचा बदल करा. उलट गुडघ्याच्या मागे दुखू लागलं तर सीट जास्त वर गेली आहे. हे सगळं सहलीच्या किमान दोन आठवडे आधी. आदल्या रात्री सीट हलवणं म्हणजे दुखणं विकत घेणं.

लांब उतारावर रिम ब्रेक (चाकाच्या कडेला दाबणारे) तापून ट्यूब फुटते म्हणतात. आंबेनळी उतरायचा आहे, डिस्क ब्रेकची सायकल घ्यावी का?
– एक वाचक, चिपळूण

तेवढ्यासाठी घ्यायची गरज नाही, ब्रेक दाबायची पद्धत बदला. महाबळेश्वर ते पोलादपूर चाळीसएक किलोमीटरमध्ये बाराशे मीटरहून जास्त उतार आहे. ब्रेक सतत हलका धरून ठेवला तर रिमला थंड व्हायला वेळच मिळत नाही. आतली हवा तापते, दाब वाढतो, आणि टायर रिमवरून सुटतो किंवा ट्यूब फुटते. त्याऐवजी वळणाआधी दोन्ही ब्रेक जोरात, दोन-तीन सेकंद, मग पूर्ण सोडा. वळणात ब्रेक नको, वेग आधीच कमी करून आत शिरा. बाहेरचं पॅडल खाली, वजन त्यावर, नजर वळणाच्या शेवटाकडे. सरळ पट्ट्यात छाती उंच ठेवून बसलात तर वारासुद्धा ब्रेकचं काम करतो.

पॅडच्या खाचा दिसत नसतील तर पॅड बदला, आणि त्यात रुतलेले धातूचे कण टोकदार वस्तूने काढा, ते रिम खातात. टायरमध्ये कमाल दाब भरू नका. 28 मिलिमीटरच्या टायरला सत्तर किलोच्या माणसाने 70-75 पीएसआय पुरे. डिस्कवाल्यांनी नवे पॅड घाटातच पहिल्यांदा वापरू नयेत. आधी मोकळ्या रस्त्यावर ताशी पंचवीसवरून जवळजवळ थांबेपर्यंत वीसेक वेळा ब्रेक लावून पॅड बसवून घ्यावेत. उतारावर गटातलं अंतर चार-पाच सायकलींचं ठेवा. आंबेनळीत रस्ता अरुंद आहे आणि आंधळ्या वळणावर समोरून एसटी आली की ती तुमची बाजू घेतेच.

वाटेत काय खावं? आम्ही वाईत मिसळ खाऊन घाट चढायचा विचार करतोय.
– एक वाचक, कोल्हापूर

मिसळ माथ्यावर पोचल्यावर खा. तेलकट, तिखट पोटात घेऊन लगेच चढलं की जळजळ ठरलेली. चढाआधी पोहे, इडली किंवा दोन केळी. सायकलवर दर तासाला 50-60 ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत, म्हणजे दोन केळी, किंवा एक केळं आणि तीन-चार खजूर. भूक लागायची वाट पाहू नका. पाणी तासाला अर्धा ते पाऊण लिटर. नुसतं पाणी पिऊ नका. एका लिटरला चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि चहाचा अर्धा चमचा मीठ, किंवा ओआरएसचं पाकीट त्यावर लिहिलेल्या मापानेच.

200 किलोमीटरच्या ब्रेव्हेत (ठरलेल्या मुदतीत पूर्ण करायच्या लांब राईडमध्ये) घाट असेल तर वेळ वाढवून मिळतो का?
– एक वाचक, ठाणे

नाही. घाट असो वा नसो, मुदत साडेतेरा तास, त्यातच नाश्ता, पंक्चर आणि कंट्रोलवरचे (वाटेतल्या नोंदणीच्या ठिकाणचे) थांबे. सकाळी सहाला निघालात तर साडेसातला संपवायचं, आणि डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. त्यामुळे पुढचा-मागचा दिवा आणि रिफ्लेक्टिव्ह जॅकेट दिवसाच्या राईडलाही सोबत हवंच. थांबे मोजून घ्या. पंधरा-पंधरा मिनिटांचे सहा थांबे म्हणजे दीड तास गेला.

एकाच चाकाचं पंक्चर तीन वेळा झालं. ट्यूब नवी होती.
– एक वाचक, सोलापूर

काटा अजून टायरमध्येच आहे. बाभळीचा काटा बाहेरून मोडतो, टोक आत राहतं. ट्रकच्या टायरमधून पडलेल्या बारीक तारांचंही तसंच. ट्यूबवरचं भोक वाल्व्हपासून किती अंतरावर आहे ते मोजा, टायरवर तीच जागा दोन्ही दिशांनी शोधा, आतून बोट फिरवा (सावकाश, तार बोटात जाते) आणि टायर वाकवून बघा. भोक आतल्या, म्हणजे रिमच्या बाजूला असेल तर काट्याचा संबंध नाही, रिम टेप (आऱ्यांची टोकं झाकणारी पट्टी) सरकली आहे आणि आऱ्याचं टोक ट्यूबला लागतंय.