अमेरिका स्वतःच्याच घटनेला जागत नाही, मग तिथला इमिग्रेशन लॉ का शिकायचा?

प्रश्न : मी मूळची मिरजेची, पुण्यात पाच वर्षांच्या लॉ कोर्सच्या तिसऱ्या वर्षाला आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकेने १०४ भारतीयांना हातापायांत बेड्या घालून लष्करी विमानाने अमृतसरला पाठवलं, त्यात तिघं महाराष्ट्रातले होते. तेव्हापासून इमिग्रेशन लॉ करायचं डोक्यात आहे. बाबा म्हणतात, जो देश आपल्या घटनेला जागत नाही त्याचा कायदा शिकून काय मिळवणार? कॉर्पोरेट कर. मला त्यांचं म्हणणं खोडता येत नाही.

उत्तर : खोडू नकोस. बाबांचा राग रास्त आहे. पण त्यांच्याच प्रश्नात तुझ्या कामाची जागा आहे, ती मला दाखवायची आहे.

अमेरिकी घटनेची पाचवी दुरुस्ती काढून वाच. रीतसर न्यायप्रक्रियेशिवाय कुठल्याही ‘व्यक्ती’चं स्वातंत्र्य हिरावता येणार नाही, असं ती सांगते. तिथे ‘नागरिक’ हा शब्द नाही. आपल्याकडेही कलम १९ नागरिकांसाठी आहे आणि कलम २१ व्यक्तीसाठी, हे तू शिकलीच असशील. १८९६ साली वाँग विंग नावाच्या चिनी माणसाचा खटला त्यांच्या सुप्रीम कोर्टात गेला. त्याला जूरीसमोर न नेताच साठ दिवस सक्तमजुरी आणि मग हद्दपारी, असा हुकूम झाला होता. कोर्टाने तो रद्द केला. परदेशी माणूस देशात बेकायदा असला तरी पाचवी दुरुस्ती त्यालाही लागू आहे, असं बजावलं. पण त्याच निकालात आणखी एक गोष्ट मान्य झाली : हद्दपारीची व्यवस्था होईपर्यंत माणसाला अडकवून ठेवणं ही शिक्षा नव्हे.

आजची बरीच दुखणी याच फटीतून आत शिरली आहेत, असं माझं मत आहे. इमिग्रेशनची कोठडी कागदावर ‘दिवाणी’ आहे, फौजदारी नव्हे. म्हणून गंभीर गुन्ह्यातल्या गरीब आरोपीला सरकारी खर्चाने वकील मिळतो, पण मायदेशी जीवाला धोका आहे म्हणून आश्रय मागायला आलेल्याला तो हक्क नाही. वकील परवडला तर ठीक, नाहीतर न्यायाधीशासमोर त्याने एकट्याने उभं राहायचं. दाराला मात्र कुलूपच असतं. बरीच केंद्रं खासगी कंपन्या चालवतात. वॉशिंग्टन राज्यातल्या टाकोमाच्या केंद्रात कोठडीतल्या लोकांकडून दिवसाला एका डॉलरवर स्वयंपाक, सफाई करून घेत होते. २०२१ मध्ये जूरीने कंपनीला १ कोटी ७३ लाख डॉलर थकीत मजुरी द्यायला लावली. जॉर्जियातल्या अर्विन केंद्रात स्त्रियांवर गरज नसताना स्त्रीरोगविषयक शस्त्रक्रिया झाल्या, अशी तक्रार २०२० मध्ये तिथल्याच एका नर्सने केली. २०२२ मध्ये सिनेटच्या उपसमितीच्या चौकशीतही तेच चित्र पुढे आलं. हे वाचून माझी झोप उडाली होती, आणि तुझीही उडावी म्हणूनच लिहितो आहे.

आता शेरिडन. ऑरेगन राज्यातल्या या तुरुंगात २०१८ च्या उन्हाळ्यात आश्रय मागणारे शंभराहून अधिक पुरुष नेऊन ठेवले. त्यांतले अनेक पंजाबकडचे शीख होते. पगडी काढून घेतलेली, दिवसाचा बहुतेक वेळ कोठडीत, आणि वकिलाला भेटूच देईनात. स्थानिक वकिलांनी फेडरल कोर्टातून आदेश मिळवला, तेव्हा कुठे दार उघडलं. मग स्वयंसेवक वकील आणि दुभाषे आत बसून एकेकाची हकिगत लिहून घेऊ लागले, आणि पुढच्या काही महिन्यांत बहुतेक जण सुटले. पाचव्या दुरुस्तीतली ‘व्यक्ती’ तिथे दिसली ती या लिहून घेणाऱ्यांमुळे. बाबांना हे सांग.

आता व्यवहाराचं बोलू. अमेरिकेत इमिग्रेशन हा केंद्राचा कायदा आहे, त्यामुळे कुठल्याही एका राज्याची सनद असली की देशभरातल्या इमिग्रेशन कोर्टांत उभं राहता येतं. न्यूयॉर्क परदेशी पदवीधरांना काही अटींवर बार परीक्षेला बसू देतं. अनेकांना त्यासाठी तिथे एलएलएम, म्हणजे कायद्याची पदव्युत्तर पदवी, करावी लागते. पण एलएलएमचा खर्च मोठा, आणि त्यानंतर व्हिसा आणि नोकरी यांची खात्री कुणीच देऊ शकत नाही. घर गहाण टाकून आत्ता जाऊ नकोस, हे मी स्पष्ट सांगतो. पदवीनंतर दोन-तीन वर्षं इथे काम कर. १९५१ च्या निर्वासित करारावर भारताची सही नाही, पण १९९६ मध्ये अरुणाचलातल्या चकमा निर्वासितांच्या प्रकरणात आपल्या सुप्रीम कोर्टाने कलम २१ त्यांनाही लागू केलं. आसामात गोलपाऱ्याजवळ मटिया इथे परदेशी ठरवलेल्यांसाठी आपलंही अटक-केंद्र आहे. तिथल्या लोकांचे वकील काय करतात ते जाऊन पाहा. हा अनुभव पुढे अर्जात नुसत्या गुणांपेक्षा जड भरेल.

आणखी एक वाट इथे फारशी कुणाला ठाऊक नसते. तिथल्या न्याय विभागाने मान्यता दिलेल्या सेवाभावी संस्थांमध्ये, वकील नसलेली पण अधिकृत परवानगी मिळालेली माणसंही इमिग्रेशनचे खटले चालवू शकतात. अमेरिकेत आधीच राहणाऱ्या आपल्या मराठी मुलामुलींनी हे जरूर पाहावं. आणि बाबांचं कॉर्पोरेट? तिथल्या मोठ्या लॉ फर्म आश्रयाची प्रकरणं विनामोबदला घेतात, तेव्हा ती वाटही या कामापासून तुटलेली नाही.

सुरुवात आजच करता येईल. आश्रयाच्या अर्जासोबतचा इंग्रजीत नसलेला प्रत्येक कागद इंग्रजीत भाषांतर करून, भाषांतरकाराच्या सहीच्या दाखल्यासह द्यावा लागतो. ‘धमकी दिली’ आणि ‘दमदाटी केली’ यांचं इंग्रजी एकच झालं की अर्जदाराची भीती हलकी दिसू लागते. महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावरून एक मराठी एफआयआर उतरवून घे, नावं झाक आणि ओळ न ओळ भाषांतर कर. पंचनामा, फिर्यादी, हकिगत, सगळं. जिथे अडशील त्या शब्दांची यादी मला पाठव, आपण पुढच्या पत्रात तिथून सुरू करू.