वाचक विचारतात: उशिरा आलेला मुलगा आणि तीन थिअऱ्या

समाजशास्त्रावर प्रश्न पाठवा म्हटलं तर ढीगभर आले, निम्मे परीक्षेच्या धास्तीने लिहिलेले आणि बाकीचे 'हा विषय तरी आहे का' छापाचे. सारखे वाटले ते एकत्र केलेत, नावं गाळलीत, आणि भाषा थोडी आवरलीय (एकदोघांची बरीच आवरावी लागली).

प्रश्न: मी इंजिनिअर आहे. मुलीने समाजशास्त्र घेतलंय म्हणून तिची पुस्तकं चाळली. जे सगळ्यांना माहीतच असतं त्याला जड शब्द लावून विषय केलाय असं वाटलं. हा नुसता कॉमन सेन्स नाही का?

जड शब्दांचा आरोप मान्य, त्यावर भांडत नाही. पण कॉमन सेन्सची गंमत अशी की तो दोन्ही बाजूंनी बोलतो. आपणच म्हणतो कुठेही जा पळसाला पाने तीनच, आणि आपणच म्हणतो व्यक्ती तितक्या प्रकृती, आणि दोन्ही वेळा समोरचा मान डोलावतो कारण गोष्ट तोवर घडून गेलेली असते. आधी सांगा म्हटलं की पंचाईत.

एमिल दुरखीम या फ्रेंच माणसाने १८९७ साली आत्महत्येवर पुस्तक काढलं. विषय मुद्दाम निवडलेला वाटतो, कारण याहून खासगी गोष्ट कुठली असणार. आणि या पठ्ठ्याने कोणाच्या मनात डोकवायचा प्रयत्नच केला नाही, सरळ सरकारी नोंदी घेतल्या. त्याचा भाचा मार्सेल मॉस, जो पुढे स्वतः मोठा अभ्यासक झाला, त्याने २६,००० च्या आसपास नोंदी एकेक करून वेगळ्या लावून दिल्या, वय काय, लग्न झालंय का, मुलं आहेत का, आणि हे सगळं हाताने. त्यातून दिसलं काय, तर दरवर्षी माणसं वेगळी असतात पण एकेका देशाचा दर वर्षानुवर्षं जवळपास तिथल्या तिथेच राहतो. मग हा दर कुणा एकट्याच्या दुःखातून आलेला कसा म्हणायचा?

प्रोटेस्टंट लोकांत दर जास्त, कॅथलिकांत कमी, एकट्या पुरुषांत जास्त, लेकुरवाळ्यांत कमी, इथपर्यंत तुम्ही म्हणाल की हे आम्हीही सांगितलं असतं. बरं, मग हे सांगा, थंडीतल्या अंधाऱ्या उदास दिवसांत प्रमाण जास्त असेल की उन्हाळ्याच्या तोंडाशी? नोंदी म्हणत होत्या उन्हाळ्याच्या तोंडाशी. दुरखीमने उष्णतेचं कारण बाजूला सारलं आणि म्हटलं की दिवस मोठा होतो तशी माणसांची आपापसातली धावपळ, व्यवहार वाढतात, त्याचा हा परिणाम. दुसरं म्हणजे मंदीत दर वाढतो हे कोणालाही पटेल, पण त्याचं म्हणणं असं की अचानक आलेल्या भरभराटीतही तो वाढतो, कारण 'एवढं मिळालं की पुरे' हे ठरवून देणारी मोजपट्टीच त्या गडबडीत मोडते. याला त्याने अ‍ॅनॉमी म्हटलं, आपल्या पुस्तकांत प्रमाणकशून्यता असा शब्द येतो.

आता लगेच हे सगळं खरं धरून बसू नका, कारण खरी मजा पुढे आहे. १९६७ मध्ये जॅक डग्लस या अमेरिकन अभ्यासकाने विचारलं की अहो पण या नोंदी केल्या कोणी? मृत्यू आत्महत्या म्हणून लिहायचा की अपघात म्हणून, हे कुठलातरी अधिकारी ठरवतो, आणि जिथे गोतावळा मोठा तिथे ते लपवायचं दडपणही मोठं. मग ज्यांचा दर कमी ते लोक एकमेकांना धरून असतात म्हणून कमी, की झाकपाक करतात म्हणून कमी? मुलीला एकदा जेवताना हा प्रश्न टाकून बघा.

प्रश्न: पहिल्या वर्षाला आहे. कार्यवाद, संघर्षवाद, प्रतीकात्मक आंतरक्रियावाद, तिन्हींच्या व्याख्या, गुण, दोष सगळं पाठ आहे. पण 'शिक्षणाकडे तिन्ही दृष्टिकोनांतून पाहा' असं आलं की माझी तिन्ही उत्तरं एकसारखीच होतात. काय करू?

पाठ केलंत तिथेच घोळ झालाय. गुण-दोष शेवटी येतात हो. आधी हे बघायचं की कुठलीही गोष्ट दिसली की त्या त्या दृष्टिकोनाचा माणूस पहिला प्रश्न काय विचारेल.

एक साधा प्रसंग घ्या. तास सुरू होऊन दहा मिनिटं झालीयत, एक मुलगा दारात येऊन 'येऊ का आत' विचारतो, शिक्षक फळ्यावरून मान न वळवता 'बाहेरच थांब' म्हणतात, मागच्या बाकांवर खसखस पिकते, आणि मुलगा बॅग न काढताच भिंतीला टेकून उभा राहतो. झालं, एवढंच.

कार्यवादी आधी विचारेल की ही शिक्षा टिकून का आहे, तिच्यामुळे काय सांभाळलं जातं? इथे दुरखीम फार कामाला येतो, त्याच्या मते शिक्षेचा खरा परिणाम ज्याला झाली त्याच्यापेक्षा बाकी सगळ्यांवर होतो, म्हणजे बाहेरच्या एकामुळे आतल्या चाळीसजणांना कळतं की नियम अजून जिवंत आहे. अमेरिकन कार्यवादी टॅल्कट पार्सन्स म्हणेल की घरी हा मुलगा कुणाचातरी लाडका असतो, त्याचं सगळं खपतं, शाळा त्याला पहिल्यांदा दाखवते की इथे सगळ्यांना एकच माप. आणि रॉबर्ट मर्टन, जो मला या मंडळींत सगळ्यात तल्लख वाटतो, तो १९४९ मध्ये प्रकट कार्य आणि अप्रकट कार्य अशी फोड करून मोकळा झाला. शिस्त लावणं हे प्रकट. रोज बाहेर उभं राहणाऱ्या चौघांची तिथेच गट्टी जमते, ते कोणी ठरवलेलं नसतं, ते अप्रकट. शिवाय तास बुडाला तो बुडालाच, त्याला मर्टन अपकार्य म्हणेल. हा शेवटचा मुद्दा उत्तरात बहुतेकजण विसरतात आणि मग कार्यवाद म्हणजे 'जे आहे ते छान आहे' असं वाटायला लागतं.

संघर्षवादी शिक्षेकडे नंतर बघेल, आधी विचारेल की उशीर नेमका कुणाला होतो? ज्याला सकाळी घरचं काम उरकून यावं लागतं त्याला की ज्याला गाडी दारात सोडते त्याला? नियम सगळ्यांना सारखा असला तरी त्याचा मार सगळ्यांना सारखा लागत नाही. आणि घड्याळाच्या काट्यावर चालायची ही सवय पुढे कुणाच्या कामी येणार? सॅम्युअल बोल्स आणि हर्बर्ट गिंटिस या दोघा अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांनी १९७६ मध्ये हेच मांडलं की शाळेची घडण कामाच्या जागेच्या घडणीशी जुळते, वेळेवर या, वरच्याचं ऐका, गोडी असो नसो गुणांसाठी राबा, म्हणजे उद्या पगारासाठी राबणं अंगवळणी पडतं.

तिसरा, म्हणजे आंतरक्रियावादी, या दोघांचं ऐकत बसणार नाही, तो त्या दारापाशी जाऊन उभा राहील. आधी हसलं कोण? शिक्षकांनी मान का वळवली नाही? वर्गातली हुशार मुलगी तेवढ्याच उशिरा आली असती तर 'बस लवकर' म्हणाले असते का? हर्बर्ट ब्लूमर, ज्याने १९३७ मध्ये या विचाराला नाव दिलं, त्याचं म्हणणं एवढंच की माणसं गोष्टींशी वागतात ती त्या गोष्टींना लावलेल्या अर्थाप्रमाणे, आणि तो अर्थ एकमेकांशी वागता-बोलताना तयार होतो आणि बदलतोही. हॉवर्ड बेकरने १९६३ मध्ये हेच शिक्क्याबद्दल दाखवलं. 'उनाड' असा शिक्का बसला की शिक्षक तसेच बघतात, मित्र तसेच हसतात आणि काही दिवसांनी मुलगाही तसाच वागायला लागतो. याच्या उलट बाजूचा प्रयोग १९६८ मध्ये रोझेंथल आणि जेकबसन यांनी छापला, शिक्षकांना काही मुलांची नावं दिली की ही यंदा चमकणार, नावं खरं तर चिठ्ठ्या टाकल्यासारखी कशीही निवडलेली, आणि लहान वर्गांत ती मुलं खरंच पुढे गेलेली दिसली. त्या प्रयोगावर नंतर बरीच टीका झाली, तेव्हा उत्तरात तो ब्रह्मवाक्यासारखा लिहू नका.

तुमची तिन्ही उत्तरं खरंच वेगळी झालीत का हे तपासायचं तर प्रत्येकात कर्ता कोण आहे ते बघा. एकात सगळी व्यवस्था काहीतरी करतेय, दुसऱ्यात एक गट दुसऱ्याच्या जिवावर काहीतरी मिळवतोय, तिसऱ्यात दोनचार माणसं समोरासमोर अर्थ लावतायत. तिन्हीकडे 'समाज' हाच कर्ता आला असेल तर परत लिहा.

आणि दोष लिहायचाच असेल तर डेव्हिस आणि मूर यांचा १९४५ चा लेख घ्या. महत्त्वाच्या कामांना जास्त मोबदला ठेवला नाही तर लायक माणसं तिकडे जाणारच नाहीत म्हणून विषमता गरजेची, असं ते म्हणतात. मला हे कधीच पचलं नाही. १९५३ मध्ये मेल्विन ट्युमिनने बरोबर विचारलं की कुठलं काम महत्त्वाचं हे ठरवलं कोणी, आणि ज्यांना शिकायची संधीच मिळाली नाही त्यांच्यात लायक कोण होतं हे कळणार कसं?

प्रश्न: निवृत्त आहे, वेळ आहे म्हणून वाचतोय. संघर्षवाद म्हणजे मार्क्स आणि मार्क्स म्हणजे राजकारण, मग याला शास्त्र का म्हणायचं?

मार्क्स मूळपुरुष खराच, १८४८ च्या कम्युनिस्ट जाहीरनाम्यात आजवरचा इतिहास वर्गसंघर्षाचा आहे हे ठोकून सांगितलंय, आणि त्याला जग बदलायचंही होतं हे त्याने कधी लपवलं नाही. पण घर तिथेच संपत नाही. जर्मन समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबरने पैशाच्या जोडीला दर्जा आणि पक्ष म्हणजे संघटित सत्ता अशा आणखी दोन गोष्टी मांडल्या, म्हणून तर खिसा रिकामा पण चारचौघांत मान असलेला माणूस आणि गडगंज पण कोणी विचारत नाही असा माणूस, दोघंही समजून घेता येतात. लुईस कोझरने १९५६ मध्ये तर उलटंच सांगितलं, भांडणामुळे गट घट्टही होतात. म्हणजे संघर्षाचं कार्य! दोन थिअऱ्यांमधली भिंत पुस्तकात जेवढी जाड दिसते तेवढी नाहीये.

प्रश्न: नोकरी करते, घरचंही करते. या तीन थिअऱ्यांपैकी माझ्याबद्दल कोण बोलतं?

फारसं कोणी नाही, आणि हीच तक्रार घेऊन चौथा, स्त्रीवादी दृष्टिकोन आला. पार्सन्सच्या मांडणीत पुरुष बाहेर कमावणारा आणि बाई घरात मनं सांभाळणारी, कशी छान वाटणी! मार्क्सच्या वाटेने जाणाऱ्यांनी कारखान्यातल्या कामाचा तास न् तास मोजला पण घरातलं काम बराच काळ हिशोबाबाहेरच राहिलं. अ‍ॅन ओकली या ब्रिटिश बाईंनी लंडनमधल्या ४० गृहिणींशी बोलून १९७४ मध्ये ते छापलं. आठवड्याला सरासरी ७७ तास काम. त्यांनी मुद्दाम घरकामाला 'काम' मानूनच प्रश्न विचारले, तोचतोपणा किती, एकटेपणा किती, घाई किती, अगदी कारखान्यातल्या कामगाराला विचारतात तसे, आणि तोचतोपणाची तक्रार कारखान्यातल्यांपेक्षा कमी नव्हती. नोकरी करून घरी आल्यावर जे सुरू होतं त्याला अर्ली हॉक्शिल्ड यांनी १९८९ मध्ये 'दुसरी पाळी' म्हटलं. तुम्हाला यात नवीन काही वाटणार नाही, नवीन होतं ते विषयाला.

प्रश्न: माणसं कशी बोलतात कशी बघतात हे टिपत बसणं म्हणजे शास्त्र की चकाट्या?

लिफ्टमध्ये चढा. अनोळखी माणूस आत आला की तुम्ही क्षणभर त्याच्याकडे बघता, मग दोघंही आकड्यांकडे बघायला लागता. एर्व्हिंग गॉफमनने १९६३ मध्ये याचंच वर्णन केलं, तू आहेस हे मी पाहिलं पण तुझ्यात नाक खुपसणार नाही असा हा करार, सभ्य दुर्लक्ष म्हणा. आता पुढच्या वेळी आकड्यांकडे पाठ करून त्या माणसाच्या तोंडाकडे बघत उभे राहा, करार मोडल्यावर काय होतं ते चौथ्या मजल्याच्या आत कळेल. (जपून. माझ्या नावावर बिल फाडू नका.)

प्रश्न: प्रोजेक्टला 'सोशल मीडियावरचे फोटो' घेतलंय, कुठली थिअरी लावू?

लावायला ती काय पट्टी आहे? आधी तुम्हाला काय जाणून घ्यायचंय ते ठरवा. या फोटोंवर पैसा कोण कमावतं हे बघायचं असेल तर संघर्षवादाकडे जा, पण मग मैत्रिणींच्या मुलाखती घेऊन भागणार नाही, कंपन्यांचे वार्षिक अहवाल आणि जाहिरातीचं उत्पन्न वाचावं लागेल. पांगलेले नातेवाईक यामुळे धरून राहतात का हे बघायचं असेल तर कार्यवाद, आणि दुरावा वाढतो का तेही त्यातच बघा. माणूस स्वतःला कसं मांडतो यात रस असेल तर परत गॉफमन, रंगमंचावर एक आणि पडद्यामागे दुसरं हे त्याने १९५० च्या दशकातच लिहून ठेवलंय, तेव्हा कुठला आलाय सोशल मीडिया. या शेवटच्यासाठी थोडीच माणसं घ्या आणि निवांत बोला. फक्त 'तुम्ही फोटो का टाकता' असं विचारू नका, सगळे 'आठवण म्हणून' सांगून मोकळे होतील. शेवटचा टाकलेला फोटो उघडायला सांगा, त्याच वेळी काढलेले पण न टाकलेले बाकीचे फोटो गॅलरीत शेजारी शेजारी बघा, आणि हाच का, तो का नाही, हे एकेकाबद्दल विचारा.