आमचं छोटं कासव नर आहे की मादी, हे कसं ओळखायचं?

तुम्ही लिहिलंय की आठ महिन्यांपूर्वी मुलीच्या वाढदिवसाला अ‍ॅक्वेरियमच्या दुकानातून हिरवं कासव आणलं, डोळ्यांमागे लाल पट्टा आहे, आता ते साधारण ६ सेंटिमीटरचं झालंय. दुकानदाराने नर म्हणून दिलं, शेजारच्या काकू म्हणतात मादी आहे, आणि मुलीला नाव ठेवायची घाई झालीय. तर आधी सरळ उत्तर देते. या आकारात ते नुसतं बघून कोणालाच सांगता येत नाही. दुकानदाराला नाही, काकूंना नाही, आणि चौदा वर्षं दोन कासवं सांभाळून मलाही नाही.

तुमचं कासव रेड-इअर्ड स्लायडर आहे. पक्ष्यांची पिसं पाठवून जशी डीएनए चाचणी करून घेतात, तशी याची होत नाही, कारण या कासवांत नर-मादीची वेगळी गुणसूत्रंच नसतात. अंडं मातीत असताना किती ऊब मिळाली, त्यावर सगळं ठरतं. साधारण २६ अंश सेल्सिअसला जवळपास सगळे नर, ३१ अंशांना माद्या, आणि २९ च्या आसपास दोन्ही. म्हणजे तुमच्या पिल्लाचं लिंग अंड्यातच ठरून गेलंय, पण शरीरावर दिसायला वेळ लागतो. नरात खुणा दिसू लागतात त्या कवच साधारण १० सेंटिमीटरचं झाल्यावर. मादी वयात येते ती त्याहून बरीच मोठी, १५ सेंटिमीटरच्या पुढे गेल्यावर. त्यामुळे वय मोजू नका, कवच मोजा. पट्टी कवचाच्या घुमटावरून वळवायची नाही, डोक्याकडच्या कडेपासून शेपटीकडच्या कडेपर्यंत सरळ धरायची.

तेवढं वाढलं की आधी शेपूट बघा. खाली टॉवेल अंथरा, पुढच्या आणि मागच्या पायांच्या मधे कवच दोन्ही बाजूंनी धरा आणि कासव हळूच थोडं तिरपं करा. उताणं करून ठेवू नका, ते फार घाबरतं. शेपटीच्या खालच्या बाजूला एक छिद्र असतं. शी-शू, अंडी, सगळ्याला तीच एक वाट. नराची शेपूट बुडाशी जाड आणि लांब असते, आणि ती ताणली की हे छिद्र कवचाच्या कडेच्या बाहेर येतं. मादीची शेपूट आखूड आणि बारीक असते, छिद्र कवचाच्या कडेच्या आतच राहतं. माझा सगळ्यात जास्त भरवसा याच खुणेवर आहे.

मग पुढच्या पायांची नखं. नराची पुढची नखं लांबच लांब वाढतात. त्याच कासवाच्या मागच्या पायांच्या नखांशी ताडून बघा, फरक लगेच कळेल. वयात आलेला नर मादीसमोर येऊन दोन्ही हात पुढे ताणतो आणि ती नखं तिच्या तोंडाजवळ थरथरवतो. पहिल्यांदा बघताना मी टाकीसमोरून हललेच नव्हते. पण नखं थरथरवली म्हणजे नरच, असं धरू नका. लहान पिल्लंही हे करतात, कधी माद्याही.

पोटाकडचं कवच खोलगट असेल तर नर, असं सगळे सांगतात. जमिनीवरच्या बऱ्याच कासवांत ते खरं आहे. स्लायडरचं पोट दोघांचंही जवळपास सपाटच असतं, म्हणून त्यावरून ठरवू नका. अजून एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. एखाद्या दिवशी पाण्यात त्याच्या शेपटीखालून गडद जांभळं, काळपट काहीतरी बाहेर आलेलं दिसेल. ते नराचं लिंग असतं आणि आपोआप आत जातं. आत गेलं नाही, सुजलं किंवा दुसरं कासव त्याला चावायला लागलं, तर मात्र लगेच डॉक्टर गाठा.

आता हे सगळं मी इतकं जीव तोडून का सांगतेय, ते सांगते. माझ्याकडे ढब्बू आणि चिंगी आहेत. दुकानातून 'जोडी' म्हणून मिळाले. मोठा तो नर, हे आम्ही घरच्यांनीच ठरवून टाकलं आणि तशी नावं ठेवली. स्लायडरमध्ये मादीच मोठी होते, हे तेव्हा मला माहीत नव्हतं. पाचव्या वर्षी एप्रिलमध्ये ढब्बूने खाणं सोडलं. दिवसभर मागच्या पायांनी टाकीची काच खरवडायचा. मला वाटलं उन्हाळ्यामुळे असेल. पाणी बदललं, काकडी दिली, जवळजवळ तीन आठवडे घालवले. शेवटी पाय गळाल्यासारखे पडून राहिलेला बघून डॉक्टरांकडे नेलं. एक्स-रे काढला, आणि त्या करड्या फिल्मवर पोटात नऊ पांढरी अंडी एकमेकांना चिकटून दिसली. अंडी घालायला माती मिळाली नाही म्हणून तिने ती धरून ठेवली होती. कॅल्शियमचं आणि मग अंडी बाहेर ढकलायला मदत करणाऱ्या ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन दिलं, आणि बादलीत दोन दिवसांत सगळी अंडी बाहेर आली. ती वाचली. 'नर आहे' असं धरून चालले नसते, तर तिचे ते तीन आठवडे टळले असते. चिंगीची नखं त्याआधी दोन वर्षांपासून लांब होती, आणि मी ती वाढलेली नखं म्हणून बघत होते.

हे लक्षात ठेवा की मादी एकटी असली तरी अंडी घालते. नर नसेल तर त्यातून पिल्लं होत नाहीत, पण अंडी तयार होतात आणि ती बाहेर पडावीच लागतात. म्हणून माझा आग्रह आहे की लिंग कळेपर्यंत तयारी मादी धरूनच करा. कवच १२-१३ सेंटिमीटरच्या पुढे गेलं आणि शेपूट अजून आखूडच दिसत असेल, तर पाण्याबाहेर ओलसर माती-वाळू भरलेला एक टब ठेवा, तिला आत शिरून मागच्या पायांनी खड्डा करता येईल इतका खोल. कॅल्शियम, बसून शेकायला कोरडी जागा आणि यूव्हीबी दिवा (उन्हातले अतिनील किरण देणारा) तर आजपासूनच हवा. मादी पुढे २५ सेंटिमीटरच्या वरही जाऊ शकते, म्हणून आताच्या छोट्या काचेच्या डब्यावर फार दिवस विसंबू नका. आणि जागा पुरेना म्हणून तिला तळ्यात किंवा नदीत सोडायचा विचार कधी मनात आणू नका. ही जात मूळची अमेरिकेची आहे, आपल्याकडच्या कासवांचं खाणं आणि जागा ती बळकावते.

मराठीत पाण्यातलं आणि जमिनीवरचं दोन्ही 'कासव'च, म्हणून हा प्रश्न वाचणाऱ्या इतरांसाठीही दोन ओळी. कवचावर पिवळ्या चांदण्या असतील तर ते स्टार कासव. ते वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, घरात ठेवणं गुन्हा आहे. नर-मादी शोधत बसू नका, वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. आणि अमेरिकेत राहणाऱ्या ज्यांच्याकडे सुलकाटा हे जमिनीवरचं मोठं आफ्रिकन कासव आहे, त्यांना आमच्यापेक्षाही जास्त थांबावं लागतं. ३०-३५ सेंटिमीटरचं होईपर्यंत त्याचं खात्रीने सांगता येत नाही.

मुलीला सांगा, नाव खुशाल आजच ठेव, दोन्हीकडे चालेल असं. आपल्या भाषेत कासव 'ते'च असतं, तोवर 'ते'च म्हणा. दर महिन्याच्या एक तारखेला तिच्याकडूनच पट्टीने मोजून घ्या, शेपटीचा खालून फोटो काढा, आणि हात साबणाने धुवायला लावा, कासवांच्या अंगावर साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू असू शकतो. १० सेंटिमीटर झालं की ते फोटो इथेच टाका, मी बघून सांगेन.